सव्वीस नंबरच्या रस्त्याने

शिकागोहून पॅसिफिकपर्यंत गाडीने जायचं ठरलं, तेव्हा ओळखीच्यांनी दिलेल्या याद्यांमध्ये तीच ती नावं होती. माउंट रशमोर, यलोस्टोन, सिएटल. काकांनी याद्या वाचल्या आणि म्हणाले, "हे सगळं फोटोत पाहिलंय. मला गावं दाखवा." काका म्हणजे नवऱ्याचे काका. वीज मंडळातून निवृत्त, सत्तरी ओलांडलेली, पक्के शाकाहारी. नागपूरहून येताना दोन डबे चिवडा आणि एक टॉर्च घेऊन आलेले.

मग नकाशावर यूएस-२६ सापडला. नेब्रास्कातल्या ओगलाला गावी सुरू होणारा हा रस्ता वायोमिंग, आयडाहो आणि ओरेगन ओलांडून सीसाइडजवळ समुद्रापाशी संपतो. बराचसा दुपदरी, आणि पूर्वेचा पुष्कळ भाग जुन्या ओरेगन ट्रेलच्या, म्हणजे पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्यांच्या वाटेच्या, अंगाने जाणारा. इंटरस्टेट, म्हणजे मोठा द्रुतगती महामार्ग, शक्यतो टाळायचा, दिवसाला तीनशे मैलांच्या आसपासच जायचं, एवढे दोनच नियम केले. दुसरा दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा संध्याकाळी कुणाशी बोलायचं त्राण उरलं नाही. लहान गावं बघायची तर चारच्या आत पोचायला हवं. पाचला तिथलं सगळं बंद होतं.

पहिला दिवस: शिकागो ते फेअरफील्ड, आयोवा

आयोवात ऑगस्टमध्ये मक्याशिवाय काही दिसत नाही. रस्त्याकडेला पिकअप गाड्यांच्या मागच्या फळीवर कणसांचे ढीग, डझनावर विक्री. कणीस इतकं कोवळं आणि गोड की भाजायचीही गरज नाही. आम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून कच्चंच खाल्लं.

फेअरफील्ड हे दिसायला चारचौघांसारखं गाव: मधोमध चौक, भोवती विटांच्या इमारती. पण १९७४ मध्ये इथलं दिवाळं निघालेलं एक कॉलेज महर्षी महेश योगींच्या संस्थेने घेतलं आणि आपलं विद्यापीठ इथे हलवलं. पुढे मक्याच्या शेतांमध्ये दोन सोनेरी घुमट उभे राहिले, एक पुरुषांच्या ध्यानासाठी, एक स्त्रियांच्या. गावाच्या उत्तरेला तर २००१ मध्ये 'महर्षी वैदिक सिटी' नावाची रीतसर नगरपालिकाच स्थापन झाली. घरं पूर्वाभिमुख, छपरावर सोनेरी कळस, दारात मोठाली एसयूव्ही. काकांनी आयुष्यभर वास्तुशास्त्राची टिंगल केली आहे. एका घरापाशी गाडी थांबवायला लावून त्यांनी मोबाइलमध्ये दिशा तपासली. "अगं, पूर्व अगदी नेमकी साधली आहे हो," म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

चौकातल्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर ओव्हरऑल घातलेला एक शेतकरी दाल-भात खात होता. त्याचं घराणं तीन पिढ्या सोयाबीनवाले; ध्यान-बिन करत नाही म्हणाला, पण "दालशिवाय मंगळवार जात नाही." आठवडाभर पुरेल एवढं शाकाहारी जेवण इथे जेवून घ्या. पुढे नेब्रास्का आहे.

दुसरा दिवस: एल्डन आणि मग नुसतं पश्चिमेला

फेअरफील्डपासून अर्ध्या तासावर एल्डन. ग्रँट वुडने १९३० मध्ये काढलेल्या 'अमेरिकन गॉथिक' चित्रातलं, टोकदार खिडकीचं पांढरं घर इथे जसंच्या तसं आहे. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, ते आम्ही निघण्याआधी पाहून घेतलं होतं. शेजारच्या केंद्रात एप्रन, कोट आणि दाताळं फुकट वापरायला देतात. मी एप्रन बांधला, काकांनी कोट चढवून दाताळं धरलं. चित्रातली जोडी नवरा-बायको नाही. चित्रकाराने आपली बहीण आणि आपला दंतवैद्य उभे केले होते. हे ऐकल्यावर काकांना चेहरा आणखी गंभीर ठेवणं सोपं गेलं.

उरलेला दिवस आयोवा आणि निम्मं नेब्रास्का ओलांडण्यात गेला. लिहिण्यासारखं काही नाही. मुक्काम ग्रँड आयलंड.

तिसरा दिवस: सँडहिल्समधून अलायन्सला

ग्रँड आयलंड ते अलायन्स हा नेब्रास्काचा हायवे २. अमेरिकेत इतका सुंदर रस्ता मी फार थोडा पाहिला आहे, आणि त्यावर आम्हाला गाड्यांपेक्षा आगगाड्या जास्त भेटल्या. वायोमिंगचा कोळसा वाहणाऱ्या या मैलभर लांबीच्या मालगाड्या. काका प्रत्येक गाडीचे डबे मोजायचे आणि कोळसा कुठल्या केंद्रात जात असेल यावर अंदाज बांधायचे.

सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, पण वर गवताची साय धरलेली. गवत निघालं तर वाळू पुन्हा चालायला लागेल, म्हणून इथे नांगर नाही, फक्त गुरं. टेकड्यांमधल्या खळग्यांत मधूनच निळं तळं दिसतं: जमिनीखालचं पाणी वर डोकावतंय. हाल्सी गावाजवळ तर माणसांनी हातांनी लावलेलं जंगल आहे. या गवताळ मुलखात झाडं जगतील असं एका वनस्पतीशास्त्रज्ञाने, चार्ल्स बेसींनी, मनावर घेतलं; १९०२ मध्ये रोपवाटिका निघाली आणि पाइनची हजारो एकर लागवड झाली. जरा उंचावर उभं राहिलं तरी जंगलाची कड कशी पट्टीने आखल्यासारखी संपते ते कळतं.

अलायन्सच्या थोडं अलीकडे अँटिऑक. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारं, खतासाठी लागणारं पोटॅश बंद झालं, तेव्हा इथल्या खाऱ्या तळ्यांमधून ते काढायला कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, जर्मन माल परत आला आणि गावच उठलं. आता रस्त्यालगत काँक्रीटचे खांब, त्यांच्यामध्ये गाई.

या टप्प्यासाठी सूचना: ब्रोकन बो इथे टाकी पूर्ण भरा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण मधे सिग्नल जातो. थेडफर्ड आणि मलन यांच्यामध्ये घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा हॉटेलात पोचायची वेळ कळवताना जपून. शाकाहारी माणसाला वाटेत ग्रिल्ड चीज आणि फ्राइज, एवढंच. चिवड्याचा पहिला डबा इथेच संपला.

अलायन्सच्या मोटेलचे मालक आणंदकडचे पटेल निघाले. अशी मोटेलं अमेरिकाभर आहेत, त्यात नवल नाही. नवल पुढे. काउंटरमागून बेन आल्या, काकांकडे पाहिलं, "जेवले का?" असं चक्क मराठीत विचारलं आणि म्हणाल्या, लग्नाआधी दहा वर्षं दादरला होते. रात्री खोलीच्या दारावर टकटक. फॉइलमध्ये गरम थेपले, छुंदा, आणि सोबत तंबी: "सकाळी चहा न घेता जायचं नाही." सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून काकांनी दादरच्या प्लाझाच्या गप्पा मारल्या. गुरांचे लिलाव, बर्फाची वादळं, मुलगा ओमाहात डॉक्टर. इथे करमतं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "इथे सगळे ओळखतात. दादरला कोण ओळखत होतं?"

चौथा दिवस: कारहेंज, ग्वेर्नसी, मग लांबचा पल्ला

अलायन्सच्या बाहेर शेतात राखाडी रंग दिलेल्या जुन्या गाड्या उभ्या पुरून, वर आडव्या गाड्या वेल्ड करून स्टोनहेंजची प्रतिकृती केली आहे. जिम रेंडर्स यांनी १९८७ मध्ये नातेवाइकांना जमवून वडिलांच्या स्मरणार्थ ती उभारली. गावाला आधी ती काढून टाकायची होती, आता गावाची ओळखच ती आहे. सकाळी सातला जा. ऊन तिरपं असतं आणि माणूस नसतो.

स्कॉट्सब्लफला आम्ही २६ नंबरला लागलो. वायोमिंगात शिरल्यावर ग्वेर्नसीपाशी थांबलो, आणि या प्रवासात मी पहिल्यांदा गप्प झाले. ओरेगन ट्रेलवरून एकोणिसाव्या शतकात लाखो माणसं बैलगाड्यांनी पश्चिमेला गेली. इथे नदी आणि टेकडी यांच्यामध्ये वाट इतकी अरुंद की सगळ्या गाड्या एकाच चाकोरीतून. वालुकाश्मात चाकं कापत गेली. काही ठिकाणी पाच फूट खोल. काका खाली उतरून उभे राहिले तर दगडाची कड त्यांच्या छातीला लागली. पलीकडच्या रजिस्टर क्लिफवर त्या प्रवाशांनी कोरलेली नावं आहेत. आजच्या हौशी लोकांनीही कोरली आहेत, त्यामुळे जुनं नाव शोधावं लागतं.

तिथून कॅस्पर आणि शोशोनी. शोशोनीला २६ सोडून उत्तरेला वळलो ते थर्मोपोलिससाठी. वाटेत विंड रिव्हर कॅन्यन: दोन्ही बाजूंना कडे, शेजारी नदी, आणि खडक कोणत्या काळातला ते सांगणाऱ्या रस्त्याकडेच्या पाट्या. दक्षिणेकडून गेलं की सगळ्यात जुन्या खडकापासून सुरुवात होते. कॅन्यन संपतो तिथे याच नदीचं नाव बदलून बिगहॉर्न होतं.

पाचवा दिवस: थर्मोपोलिस

एक अख्खा दिवस एकाच गावात. हा सगळ्यात चांगला निर्णय.

गावात गरम पाण्याचे झरे आहेत. १८९६ मध्ये शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून सरकारने ही जमीन ६०,००० डॉलरना घेतली, तेव्हा पाण्याचा काही भाग लोकांसाठी कायम मोफत राहील असं ठरलं. शोशोनींचे प्रमुख वॉशाकी या करारात होते. ज्यांची जमीन गेली त्यांना काय मिळालं, हा हिशेब वेगळाच. पण मोफत पाण्याचा शब्द आजही पाळला जातो. स्टेट बाथ हाउसमध्ये पैसे लागत नाहीत. वहीत नाव लिहायचं, वीस मिनिटं बसायचं, उठायचं. टॉवेल नसेल तर भाड्याने मिळतो.

पाणी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेलं, वास गंधकाचा. काकांनी पाय टाकला आणि म्हणाले, "वज्रेश्वरी! फक्त स्वच्छ." तळ्यात आणखी चौघं होती. एक आजी रोज सकाळी येणाऱ्या, गुडघ्यांसाठी. एक ट्रकवाला, बिलिंग्जहून डेन्व्हरला जाताना दर खेपेला इथे थांबणारा. काकांनी त्याला विचारलं, पगार किती. मी डोळे मिटून घेतले. त्याने सांगितला, आणि उलट विचारलं, भारतात किती. मग वीस मिनिटं डिझेलचे दर, मुलांची शिक्षणं, पाठदुखी. देखरेखीची बाई वेळ झाली म्हणून सांगायला आली तेव्हा ते दोघं कमरेच्या पट्ट्याच्या कंपन्यांवर आले होते.

दुपारी पार्कमधल्या चुनखडीच्या पायऱ्यांवर लाकडी वाटेने फिरलो: पांढरा, गेरू, शेवाळी हिरवा, आणि त्यावरून वाफाळतं पाणी नदीत उतरणारं. पार्कचा स्वतःचा बायसनचा कळप आहे. गाडीतूनच बघा. अचानक चारला गारा पडल्या, बोराएवढ्या, दहा मिनिटं, आणि नंतर कडक ऊन.

सहावा दिवस: डुबॉइस, टोग्वोटी खिंड, आयडाहो

डुबॉइसला लाल कड्यांखाली कॉफी, मग साडेनऊ हजार फुटांहून उंच टोग्वोटी खिंड. उतरताना एका वळणावर टेटन पर्वत एकदम समोर उभे राहतात. जॅक्सनमध्ये थांबलो नाही. पार्किंगच्या भावात थर्मोपोलिसला जेवण होतं. पुढे आयडाहोत स्वान व्हॅलीला चौकोनी आइस्क्रीम मिळतं, खरोखर चौकोनी ठोकळा कोनावर बसवलेला. हकलबेरीचं घ्या. हे जंगली फळ बाजारात फारसं येत नाही, तेव्हा इथेच काय ते.

सातवा दिवस: आर्को

काकांसाठी हा प्रवासाचा मध्यबिंदू होता. त्यांनी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला.

आयडाहो फॉल्सहून आर्कोकडे जाताना सपाट वाळवंटात ईबीआर-१ नावाची विटांची साधी इमारत लागते. २० डिसेंबर १९५१ रोजी इथल्या अणुभट्टीने वीज तयार केली आणि चार दिवे लागले. वापरता येईल इतकी वीज अणुऊर्जेतून पहिल्यांदा निघाली ती इथे. संग्रहालय उन्हाळ्यातच, मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडं असतं आणि प्रवेश मोफत. वाट दाखवणारी मुलगी कॉलेजची, उन्हाळी नोकरीवर आलेली. पाठ केलेलं बोलत होती, तोवर काकांनी जनरेटरबद्दल प्रश्न विचारला. मग दुसरा. तिसऱ्या प्रश्नाला तिने हातातला कागद बाजूला ठेवला आणि त्यांना कंट्रोल पॅनेलपाशी नेलं. पॅनेलवर मोठं लाल बटण, 'स्क्रॅम' लिहिलेलं, म्हणजे भट्टी तातडीने बंद करायचं. दाबू देतात. काकांनी दाबलं नाही. "चालू संचाला असं उगाच हात लावत नाहीत," म्हणाले. संच १९६४ मध्ये बंद झालाय.

भिंतीवर त्या वेळच्या कर्मचाऱ्यांनी खडूने लिहिलेली नावं आहेत, काचेखाली जपलेली. काका ती एकेक करून वाचत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी किती सबस्टेशनं चालू केली असतील. कुठल्या भिंतीवर नाव लिहिलं का, असं मी विचारलं. "आमच्याकडे कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं," ते म्हणाले.

आर्को गाव पुढे अठरा मैलांवर. १७ जुलै १९५५ रोजी, तासभरच, हे अख्खं गाव अणुविजेवर उजळलं आणि तसं होणारं जगातलं पहिलं गाव ठरलं. नगरपालिकेच्या इमारतीवर ते अभिमानाने लिहिलं आहे. मागच्या डोंगरावर मोठाले आकडे रंगवलेले दिसतात: १९२० पासून शाळेची प्रत्येक तुकडी आपलं वर्ष कड्यावर रंगवते. आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर, बागेत पाणबुडीचं शिड, म्हणजे पाठीवरचा उंच काळा भाग, उभं आहे. ६६६ नंबर. नौदलाच्या अणुभट्ट्यांचं प्रशिक्षण याच वाळवंटात चालायचं, म्हणून. या भागाची दुसरी बाजूही आहे: ३ जानेवारी १९६१ रोजी इथल्या एसएल-१ भट्टीच्या अपघातात तिघे दगावले.

क्रेटर्स ऑफ द मूनला दुपारी जाऊ नका. काळा लाव्हा तापलेला असतो आणि सावली कुठेच नाही. आम्ही अर्ध्या तासात परत गाडीत.

आठवा दिवस: धूर

बॉइसीपासून आकाश पिवळट. पश्चिमेला जंगलं पेटली होती. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, तांबडी टिकली. काकांचा दमा आठवून खिडक्या बंद, एसी आतल्या हवेवर. ऑगस्टमध्ये आयडाहो-ओरेगनला जाणार असाल तर हवेची स्थिती रोज सकाळी बघा, एन-९५ मास्क ठेवा आणि एक मुक्काम रद्द करता येईल असा राखा. व्हेलपासून जॉन डेपर्यंतचे शंभरेक मैल आम्ही फारसं काही न बघता पार केले.

नववा दिवस: जॉन डे

हे गाव या रस्त्यावरचं माझं सगळ्यात आवडतं. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींमुळे इथे मोठी चिनी वस्ती होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली, तरी इंग हे आणि लुंग ऑन या दोघांनी १८८० च्या दशकात इथलं 'काम वा चुंग' नावाचं दगडी दुकान घेतलं आणि आयुष्यभर चालवलं. लुंग ऑन व्यापारी. पुढे त्याने मोटारीही विकल्या. इंग हे वैद्य. नाडी बघून औषध द्यायचा आणि मैलोन्‌मैलांवरून गोरे गुराखीही यायचे.

दुकान मोफत दाखवतात, थोड्या थोड्या माणसांना आत सोडतात, म्हणून आधी केंद्रात नाव नोंदवा. आत अंधारं, भिंती धुराने काळ्या. पाचशेहून जास्त प्रकारच्या औषधी त्यांच्या डब्यांत, पुड्यांत आहेत तशा. देवघरात वाळून दगड झालेली फळं. दाराला पत्रा ठोकलेला, त्यावर गोळ्यांच्या खुणा. आणि वैद्याच्या पलंगाखाली सापडलेले, कधीच न वटवलेले रुग्णांचे धनादेश: सुमारे २३,००० डॉलरचे. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांचे चेक त्याने ठेवून दिले, असं मार्गदर्शक बाई म्हणाल्या. १९४८ च्या सुमारास दुकानाला कुलूप लागलं, १९५२ मध्ये तो वारला आणि नंतर इमारत गावाला मिळाली. पुढे कित्येक वर्षं आत काय आहे हे गाव विसरूनच गेलं. म्हणून सगळं वाचलं.

संध्याकाळी वारा फिरला, धूर निवळला आणि मिचेलजवळचे पेंटेड हिल्स तिरप्या उन्हात मिळाले: तांबडे, सोनेरी, काळे पट्टे. मातीवर पाऊल टाकू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात.

शेवटचा टप्पा: अ‍ॅस्टोरिया

माउंट हूडला वळसा, पोर्टलंडची वाहतूक, सीसाइडला २६ संपला. तिथून थोडं उत्तरेला, कोलंबिया नदीच्या मुखाशी अ‍ॅस्टोरिया. तापमान एकदम साठ फॅरनहाइट; काकांनी स्वेटर शोधला. धक्क्यावर सी लायन दिवसरात्र भुंकतात, खोली त्या बाजूची घेऊ नका. रस्त्याकडेला ठेवलेल्या जुन्या मासेमारी बोटीतून ट्यूनाचे फिश अँड चिप्स मिळतात, रांग लावून खा. काकांनी चिप्स आणि चिवडा.

इथे येण्याचं आमचं कारण वेगळं होतं. १९१३ मध्ये गदर चळवळीची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या परदेशस्थ भारतीयांच्या चळवळीची, स्थापना-सभा याच गावात, फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात झाली. लाकडाच्या गिरणीत काम करणारे पंजाबी मजूर आल्डरब्रुक भागात राहायचे. या चळवळीत मराठी माणसंही होती: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, जे पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे, ज्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. शताब्दीला, २०१३ मध्ये, गावाने स्मृतिफलक लावला. काकांनी तो मोठ्याने वाचला. शेजारी कुत्रं फिरवणारे गृहस्थ थांबले, म्हणाले, माझे आजोबा त्या फिनिश लोकांपैकीच, पण हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. काकांनी त्यांना पिंगळ्यांची गोष्ट सांगितली, अर्धी इंग्रजीत, अर्धी हातवाऱ्यांनी.

अ‍ॅस्टोरिया कॉलम या मनोऱ्याच्या १६४ पायऱ्या आम्ही दोघंच चढलो.

वेळ कमी असेल तर थेट डेन्व्हरला उतरा आणि ग्वेर्नसीला २६ पकडा. थर्मोपोलिसला दोन रात्री द्याच. गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायचं शुल्क बरंच असतं, ते आधी विचारा. काकांनी आता नकाशात वीस नंबर शोधलाय: बोस्टन ते ओरेगनचं न्यूपोर्ट, देशातला सगळ्यात लांब रस्ता. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणतात.